शनिवारी विज्ञानपट, रविवारी ‘नो मॅन्स स्काय’ : एका पालकाचा अभिप्राय

मुलांच्या शेजारी बसून खेळता येईल असा ऑनलाइन गेम शोधायला निघालेल्या पालकांच्या पदरी बहुधा दोनच प्रकार पडतात: एकमेकांना गोळ्या घालत सुटण्याचे, किंवा घडोघडी पैसे मागणारे. इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील ‘हॅलो गेम्स’ या छोट्या कंपनीने ऑगस्ट २०१६ मध्ये आणलेला ‘नो मॅन्स स्काय’ हा अंतराळ-भटकंतीचा गेम या दोन्हींत बसत नाही. आमच्या घरी शनिवारी रात्री विज्ञानपट पाहण्याचा रिवाज आहे, आणि रविवारच्या दुपारी तेच कुतूहल पुढे नेणारा याहून चांगला गेम माझ्या पाहण्यात नाही.

गेम सुरू होतो तो एका अनोळखी ग्रहावर. यान नादुरुस्त असते आणि बाहेरची हवा विषारी, किरणोत्सारी किंवा हाडे गोठवणारी असते. सोडियम गोळा करून अंतराळ-सूटचे संरक्षण टिकवायचे, ऑक्सिजन मिळवायचा, दगड फोडून सुट्या भागांसाठी धातूची भुकटी जमवायची, असे करत यान दुरुस्त झाले की पहिले उड्डाण होते, आणि या गेमची खरी किंमत त्या क्षणी कळते. मध्ये कुठेही पडदा काळा होत नाही की ‘लोडिंग’ची पाटी येत नाही, पायाखालची टेकडी लहान होत जाते, आकाशाचा रंग गडद होत होत विरतो, आणि समोर दुसरा ग्रह लटकलेला दिसतो. यानाचे नाक त्याच्याकडे वळवले की तिथे पोहोचायला किती वेळ लागेल तो आकडा पडद्यावर उमटतो. साध्या वेगाने जायचे तर किती वेळ आणि पल्स इंजिन (यानाचे अतिवेगवान इंजिन) सुरू केल्यावर किती सेकंद, हे पाहताना माझ्या बारा वर्षांच्या मुलीला अंतराळातील अंतरांची जी जाणीव झाली, ती पाठ्यपुस्तकातील तक्त्याने झाली नव्हती.

या विश्वात २ चा ६४ वा घात इतके ग्रह आहेत, म्हणजे १८ वर १८ शून्ये दिल्यावर येणाऱ्या संख्येहूनही अधिक. ते कुठे साठवलेले नसतात. आपण जवळ गेलो की गणिती सूत्रांतून ग्रहाची जमीन, झाडे आणि प्राणी तयार होतात, आणि सूत्र तेच असल्यामुळे त्या ग्रहावर येणाऱ्या प्रत्येकाला तोच ग्रह दिसतो. प्राणी स्कॅन करून त्यांना नाव देता येते. आमच्याकडे सर्वाधिक वेळ त्यातच जातो, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

विज्ञानाच्या काटेकोरपणाची अपेक्षा मात्र ठेवू नये. ‘इंटरस्टेलर’ (२०१४) पाहिल्यानंतरच्या रविवारी मुलीने विचारले, “बाबा, हे ग्रह सूर्याभोवती फिरत का नाहीत?” प्रश्न रास्त होता. येथे ग्रह जागचे हलत नाहीत आणि एकमेकांच्या इतके जवळ असतात की खरे असते तर गुरुत्वाकर्षणाने त्यांची कक्षा केव्हाच विसकटली असती. त्या चित्रपटातील कृष्णविवराचे दृश्य भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून उभे केले होते. या गेममधील कृष्णविवर म्हणजे केवळ आकाशगंगेत दूरवर फेकणारी आडवाट आहे, आणि त्यातून जाताना यानाचा एखादा भाग निकामी होतो. तरीही चित्रपटात काय खरे आणि गेममध्ये काय सोयीचे, यावर आमची जी चर्चा झाली ती दोन्ही शेजारी ठेवल्यामुळेच झाली.

इंटरनेटवर शोध घेणाऱ्या पालकांना २०१६ चे संतप्त अभिप्राय हमखास सापडतील. तेव्हा जाहिरातीत सुचवलेल्या अनेक गोष्टी गेममध्ये नव्हत्या; एकाच ठिकाणी पोहोचलेल्या दोन खेळाडूंना एकमेक दिसलेही नव्हते. कंपनीने मात्र काम सोडले नाही. जुलै २०१८ च्या ‘नेक्स्ट’ अपडेटपासून एकत्र खेळणे खऱ्या अर्थाने शक्य झाले, आणि त्यानंतरही मोठमोठी अपडेट विनामूल्य येत राहिली. एकदा गेम विकत घेतला की आत खऱ्या पैशांनी घेण्यासारखे काही नाही. पालक म्हणून मी या एका गोष्टीला सर्वाधिक गुण देतो.

ऑनलाइन भागाबाबत थोडी दक्षता हवी. सेटिंगमध्ये मल्टिप्लेअर, म्हणजे इतरांसोबत खेळणे, पूर्ण बंद करता येते, आणि इतर खेळाडूंनी आपल्यावर हल्ला करू नये अशी तजवीजही करता येते. दोन्ही गोष्टी मुलाच्या हाती कंट्रोलर देण्यापूर्वी कराव्यात. ‘स्पेस ॲनोमली’ या सामायिक स्थानकावर जगभरचे खेळाडू भेटतात. तेथील वातावरण सौजन्याचे आहे, इतके की अनोळखी माणसे नवख्यांना महागड्या वस्तू देऊन जातात. हेतू चांगला असला तरी त्या विकल्या की खात्यात लक्षावधी ‘युनिट्स’ (गेममधले चलन) जमा होतात आणि कष्टाने यान घेण्यातली गंमत निघून जाते. सुरुवातीचे काही आठवडे हे स्थानक टाळलेलेच बरे.

उणिवाही सांगायला हव्यात. सामानाच्या चौकोनांची जुळवाजुळव कंटाळवाणी होते, टीव्हीवर दुरून वाचायला काही अक्षरे बारीक आहेत, आणि बरेच ग्रह पाहून झाल्यावर तेच दगड नव्या रंगात भेटू लागतात. लहान मुलांबरोबर खेळताना ‘रिलॅक्स्ड’ हा सोपा मोड निवडावा. ‘क्रिएटिव्ह’मध्ये सारेच फुकट असल्याने शोधण्याची ओढ उरत नाही.

कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव म्हणजे एकाच पडद्यावर दोघांना एकत्र खेळता येत नाही. त्यासाठी दोन यंत्रे आणि सहसा गेमच्या दोन प्रती लागतात. एवढा खर्च करण्याआधी एकाच कंट्रोलरवर आळीपाळीने खेळून पाहावे. आमच्याकडे यान मुलगी चालवते, आणि ग्रहावर उतरल्यावर तळ बांधायचे काम माझ्याकडे असते. गेम घ्यायचाच झाला तर सेलची वाट पाहावी, कारण स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात तो वरचेवर निम्म्या किमतीत मिळतो.