कॉमन ॲपच्या दहा ओळी आणि आम्हाला बसलेला साडेआठ हजार डॉलरचा फटका

मुलगी अकरावीत असताना आम्ही एका खाजगी ॲडमिशन कन्सल्टंटला ६,००० डॉलर दिले. आम्ही दोघंही भारतात मार्कांवर प्रवेश मिळवून शिकलेले, त्यामुळे अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जातलं आम्हाला काही कळत नव्हतं. "मार्क तर सगळ्यांनाच असतात, निवड होते ती ॲक्टिव्हिटीजवर," असं तो म्हणाला आणि आमच्या पोटात गोळा आला. त्या भीतीवरच त्याचा धंदा चालतो.

कॉमन ॲप म्हणजे एकाच ऑनलाइन अर्जावर अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांकडे प्रवेश मागायची सोय. त्यात ॲक्टिव्हिटीजसाठी, म्हणजे अभ्यासाबाहेर मुलाने काय काय केलं ते सांगायला, दहाच जागा असतात. प्रत्येकीत पदाला ५० अक्षरं, संस्थेच्या नावाला १०० आणि नेमकं काय केलं ते सांगायला १५०. शिवाय आठवड्याला किती तास आणि वर्षाचे किती आठवडे, हेही भरायचं. लेकीने स्वतः यादी केली होती, सातच ओळींची. त्यात रविवारच्या मराठी शाळेत लहान मुलांना बाराखडी शिकवणं होतं, दुकानात गल्ल्यावरची शनिवारची नोकरी होती. आणि आजी होती. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ महिने रोज शाळेतून आल्यावर हिनेच त्यांना वॉकर धरून चालवलं, गोळ्या दिल्या.

या तिन्ही ओळींवर त्याने माझ्यासमोर काट मारली. "ही घरकामं आहेत, यात लीडरशिप कुठाय?" मी गप्प बसले, याचं मला आजही वाईट वाटतं. कॉमन ॲपच्या यादीत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' आणि 'पगारी काम' असे वेगळे प्रकारच दिलेले आहेत. मी तेव्हा ती यादी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

त्या जागी त्याने चार नव्या ओळी आणल्या. एका सेवाभावी संस्थेची 'संस्थापक-अध्यक्ष' (वेबसाइट त्यानेच बनवून दिली), एक 'रिसर्च पेपर' आणि दोन घरबसल्या इंटर्नशिप. पेपरचे २,५०० डॉलर वेगळे. लेकीने त्यातलं अर्धं पान लिहिलं असेल. नऊ दिवसांत तो छापूनही आला. इतक्या दिवसांत तज्ज्ञ पेपर तपासून देत नाहीत, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

ऑक्टोबरमध्ये एका रात्री ती वही घेऊन माझ्याजवळ आली. त्याने भरलेले तास तिने पेन्सिलीने एकाखाली एक मांडले होते. शाळा सोडून आठवड्याला ४३ तास. "आई, हे मी कधी केलं?" मग तिने 'आपल्या' संस्थेच्या वेबसाइटवरचं एक वाक्य गूगलवर टाकलं. तेच वाक्य, तोच फोटो, दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या मुलाच्या संस्थेच्या नावाने समोर आलं.

खरी भीती मला त्यानंतर वाटली. अर्जाच्या शेवटी सही विद्यार्थ्याची असते, कन्सल्टंटची नाही. माहिती खरी आहे असं मूल लिहून देतं. खोटं निघालं तर प्रवेश रद्द होऊ शकतो, मिळालेली पदवीसुद्धा काढून घेतली जाऊ शकते, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर काही अर्ज निवडून त्यातल्या माहितीचे पुरावे मागवते. २०१९ मध्ये उघडकीला आलेल्या 'व्हर्सिटी ब्लूज' प्रकरणात कॉलेजप्रवेशासाठी मुलांना खोटं खोटं खेळाडू ठरवलं होतं, आणि त्यात पालकही तुरुंगात गेले. आमचं प्रकरण तेवढं मोठं नव्हतं, पण वाट तीच होती.

पैसे परत मागितले तेव्हा त्याने करारातलं कलम दाखवलं: फी परत मिळणार नाही. आम्ही बँकेतून थेट ट्रान्सफर केली होती. क्रेडिट कार्डाने दिली असती तर निदान तक्रार करून व्यवहारावर हरकत घेता आली असती. तुमच्यापैकी कोणी अशा माणसाकडे जाणार असाल तर करार आधी घरी आणून सावकाश वाचा. आणि मुलाने केलेली ओळ काढून न केलेली घालायला कोणी सांगितलं, तर तिथूनच उठून या.

लेकीने शेवटी सातच ओळी भरल्या. तीन जागा रिकाम्या ठेवल्या, आजीची ओळ सगळ्यात वर. १५० अक्षरांत ते आठ महिने बसवायला तिला दोन संध्याकाळी लागल्या. शाळेतल्या काउन्सेलरने तिच्याबरोबर बसून एकेक शब्द कमी केला, एक पैसाही न घेता.

तो कन्सल्टंट अजून ओळखीओळखीतून घरोघरी जातो. पुढच्या आठवड्यात आमच्या मित्रमंडळींतल्या एका घरी त्याची मीटिंग ठरली आहे, म्हणून हे आजच लिहिलं.