किरणोत्सारिता कुठून सुरू करावी: चिंचोके, गायगर काउंटर की क्लाउड चेंबर?

अकरावीच्या रसायनशास्त्रात केंद्रकीय रसायन आणि किरणोत्सारितेचा, म्हणजे अणू आपोआप फुटून किरण बाहेर टाकतात त्याचा, धडा बराच मागे येतो. तिथे पोचेपर्यंत वर्ष सरत आलेलं असतं आणि लातूर, नांदेडकडे तर लेकरांचं सगळं लक्ष नीटच्या सराव परीक्षांकडे लागलेलं असतं. मग अल्फा, बीटा, गॅमा या किरणांच्या तीन प्रकारांचा तक्ता, अर्धायुकालाचं (निम्मे अणू फुटायला लागणाऱ्या वेळाचं) सूत्र आणि दोन गणितं एवढ्यावर धडा उरकतो. यंदा पहिल्यांदाच हा धडा घेणाऱ्या एका शिक्षिकेने मला विचारलं, "सर, चार तास आहेत, पैसे फारसे नाहीत. सुरुवात कशाने करू?" हे सगळे मार्ग मी वर्गात वापरून पाहिले आहेत. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

फळा-खडू आणि इतिहास हा नेहमीचा रस्ता. 1896 साली पॅरिसमध्ये बेक्वेरेलने युरेनियमचे क्षार काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर ठेवले. आभाळ आलं म्हणून ते तसेच खणात राहिले आणि ऊन न लागताही काच काळवंडली. पुढे 1898 मध्ये क्युरी दांपत्याचे पोलोनियम आणि रेडियम. गोष्ट सुंदर आहे, खर्च शून्य. पण ती आधी सांगितली की किरणोत्सार म्हणजे लांबच्या देशातली, जुनी, दुर्मीळ आणि जीवघेणी गोष्ट, असं लेकरांच्या डोक्यात पक्कं बसतं. माझा सल्ला, ही गोष्ट चौथ्या तासाला ठेवा. तेव्हा ती ऐकणाऱ्यांना काच का काळवंडली हे आपलं आपल्याला कळलेलं असतं.

चिंचोक्यांचा प्रयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. चिंचोका अडकित्त्याने मधोमध फोडला की एक बाजू तपकिरी, दुसरी पांढरी. सहा गट करा आणि प्रत्येकाला 40 फाका द्या. ओंजळीत हलवून बाकावर टाकायच्या, ज्यांची पांढरी बाजू वर येईल त्यांचं 'विघटन झालं' म्हणून त्या बाजूला काढायच्या, उरलेल्या मोजून पुन्हा टाकायच्या. मागच्या वर्षी आमच्या वर्गाची बेरीज अशी आली: 240, 131, 74, 40, 21, 12. आलेख काढला की तीच घसरती वक्ररेषा जी पुस्तकात छापलेली असते, फक्त ही त्यांच्या स्वतःच्या हातची.

इथे घाई करू नका, कारण या एका तासात तीन गोष्टी हाताला लागतात. एकेका गटाचा आलेख वेडावाकडा येतो. पहिल्याच फेरीत कुणाच्या 27 उरतात, कुणाच्या 17. सहा गटांची बेरीज केली की रेषा गुळगुळीत होते. म्हणजे एकटा अणू कधी फुटेल हे कुणीच सांगू शकत नाही, पण अब्जावधींच्या घोळक्याचं गणित चोख बसतं. दुसरं, पाच फेऱ्या टिकलेला चिंचोका 'आता थकला असेल, पडेलच' असं मुलांना मनापासून वाटतं. तसं नसतं, सहाव्या फेरीतही त्याची शक्यता पहिल्या फेरीइतकीच. तिसरं, फोडलेला चिंचोका नाण्यासारखा सरळ नसतो, त्यामुळे निम्मे उरायला नेमकी एक फेरी लागत नाही. आमच्या आलेखावर अर्धायुकाल साधारण 1.2 फेऱ्या निघाला. म्हणून नाण्यांपेक्षा मला चिंचोकेच बरे वाटतात. नाण्यांनी 'अर्धायुकाल म्हणजे एक फेरी' असा घोटाळा होतो. कमतरता एकच, यात खरा किरणोत्सार कुठेच नाही.

तो दाखवायचा तर गायगर काउंटर, म्हणजे किरण मोजणारं यंत्र. साधा काउंटर काही हजारांत येतो, दोन-तीन शाळांनी मिळून घेतला तरी चालतो. पण किरणोत्सारी नमुना कुठून आणायचा? शेतकऱ्याच्या घरातून. म्युरेट ऑफ पोटॅश, तेच लालसर खत. निसर्गातल्या दर 10 हजार पोटॅशियम अणूंत साधारण एक पोटॅशियम-40 या किरणोत्सारी प्रकारचा असतो आणि एक किलो पोटॅशमध्ये दर सेकंदाला सुमारे 15 हजार अणूंचं विघटन होत असतं. काउंटर आधी रिकाम्या टेबलावर 10 मिनिटं चालवा, मग पातळ पिशवीत भरलेलं पोटॅश त्याच्या नळीला टेकवून पुन्हा 10 मिनिटं. आमचे आकडे होते 190 आणि 310. एकाच मिनिटाचं मोजमाप घेतलं तर फरक चढउतारात हरवून जातो, एवढं पथ्य पाळा. मध्ये स्टीलचं ताट धरलं की आकडा पुन्हा खाली येतो. बीटा कण अडले.

त्या दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आम्ही तर त्याच पोत्यावर बसतोत. मग?" या प्रश्नासाठी तरी काउंटर आणावा. आपल्या प्रत्येकाच्या शरीरातही पोटॅशियम आहे, मोठ्या माणसात दर सेकंदाला चार हजारांच्या वर विघटनं चालू असतात, हे तेव्हा सांगितलं. वर्ग एकदम गप्प झाला आणि मग प्रश्नांवर प्रश्न आले. पोटॅशियम-40 चा अर्धायुकाल 125 कोटी वर्षं. त्याच्यापासून बनणाऱ्या आर्गॉनवरून आपल्या पायाखालच्या, वेरूळची लेणी ज्यात कोरली त्या काळ्या पाषाणाचं वय सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं ठरलं आहे. हा पाषाण स्वतः फारसा किरणोत्सारी नाही. देगलूर-बिलोलीकडच्या ग्रॅनाइटजवळ आकडा थोडा जास्त मिळू शकतो.

नमुना म्हणून पेट्रोमॅक्सची जुनी जाळी मात्र वर्गात आणू नका. पूर्वी तिच्यात थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असे, जाळी ठिसूळ असते आणि तिची भुकटी श्वासातून आत गेली तर अल्फा कण आतून इजा करतात.

क्लाउड चेंबर म्हणजे काचेच्या डब्यात अल्कोहोलची वाफ, खाली उणे 78 अंशांचा कोरडा बर्फ, आणि अंधारात टॉर्च मारली की कणांच्या पांढऱ्या रेघा उमटून विरतात. याच्यासारखं डोळ्यांना दुसरं काही दिसणार नाही. पण तालुक्याच्या गावी कोरडा बर्फ मिळत नाही. संभाजीनगरहून एसटीने आणला तेव्हा थर्माकोलच्या पेटीत निम्माही उरला नव्हता. शिवाय हातमोजे, खिडक्या उघड्या, ज्योत लांब ही सगळी काळजी. चार तासांत हे बसत नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी ठेवा, तेही थंडीत.

मोबाइलवरचे व्हिडिओ उजळणीला ठीक, सुरुवातीला नकोत.

तर पहिला तास चिंचोके, दुसरा आलेख आणि गणितं, तिसरा पोटॅश आणि काउंटर. काउंटर नसेल तर तिसऱ्या तासाला भुईमूग घ्या. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आपलं परभणीचं कृषी विद्यापीठ यांच्या टीएलजी-45 या वाणाच्या नावातच ट्रॉम्बे (मुंबईतलं, हे केंद्र जिथे आहे ते ठिकाण) आणि लातूर आहे. ट्रॉम्बेच्या भुईमूग वाणांची वंशावळ किरण दिलेल्या बियाण्यापर्यंत जाते. असे किरण दिले म्हणून बी किरणोत्सारी होत नाही, गुणसूत्रांत बदल होतो. 'किरण लागले' आणि 'किरणोत्सारी झालं' यांतला फरक तिथे पक्का करून घ्या. कर्करोगासाठी कोबाल्ट-60 च्या किरणांच्या उपचाराला गेलेल्या नातेवाइकाजवळ बसायला घाबरणारी घरं मी पाहिली आहेत.

चिंचोके मात्र चिंचा फोडायच्या हंगामातच, फेब्रुवारी-मार्चमध्ये जमवून ठेवा. आधी हलके भाजून घेतले तर अडकित्त्याखाली सरळ फुटतात. शंभरात दहा-बारा वाया जातील, तेवढे जास्तीचे धरा.