लेनी विल्सन: आधी ‘बेल बॉटम कंट्री’ ऐकावा की ‘व्हर्लविंड’?

लेनी विल्सन ही अमेरिकन कंट्री गायिका (कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं लोकप्रिय संगीत). तिचा एकच अल्बम निवडायचा असेल तर ‘बेल बॉटम कंट्री’ (2022) घ्या. ‘व्हर्लविंड’ (2024) जास्त जोरकस आहे, पण ती आधीपासून ओळखीची असेल तरच तो पुरता पोचतो.

दोन्हींचा निर्माता एकच, जे जॉइस. मूळ आवृत्तीत गाणीही 14-14. फरक आहे तो विषयांत. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या बास्किन या छोट्या गावात, शेतकरी घरात वाढलेली लेनी 2011 मध्ये कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेऊन कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलला आली आणि सुरुवातीची काही वर्षं त्यातच राहिली. ‘बेल बॉटम’मध्ये ती मागे वळून पाहते: वडिलांचे बूट, कोवळ्या वयातलं प्रेम, चोरून प्यायलेली घरगुती दारू. ‘हार्ट लाइक अ ट्रक’पासून सुरुवात करा. ओरखडे पडलेला, चेपलेला, तरीही धावणारा ट्रक म्हणजे तिचं काळीज. गाणं शांतपणे सुरू होतं आणि ध्रुवपदाला भरत जातं, त्यामुळे तिच्या आवाजाचा पल्ला या एकाच गाण्यात कळतो. तिचे लुइझियानाचे उच्चार पहिल्यांदा ऐकताना शब्द निसटतात, म्हणून पहिल्या वेळी गीताचे शब्द समोर ठेवा. लगेच पुढे ‘वॉटरमेलन मूनशाइन’ लावा.

मग नशीब पालटलं. 2023 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ हा सर्वोच्च मान तिला मिळाला. 2011 मधल्या टेलर स्विफ्टनंतर तो मिळवणारी ती पहिलीच स्त्री. फेब्रुवारी 2024 मध्ये ‘बेल बॉटम’ला सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं, जूनमध्ये ती ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या मानाच्या कंट्री मंचाची सदस्य झाली आणि ऑगस्टमध्ये ‘व्हर्लविंड’ आला. साहजिकच त्यात दौरे आणि घरापासूनची ताटातूट आहे. ‘हँग टाइट हनी’ घरी वाट पाहणाऱ्यासाठी आहे. कंट्री गायिका मिरांडा लँबर्टसोबतचं ‘गुड हॉर्सेस’ लांब भटकून परत घरी येण्याबद्दल आहे. ‘व्हिस्की कलर्ड क्रेयॉन’ मात्र सोडू नका: शाळकरी मुलाच्या चित्रातून घरातलं व्यसन दिसतं, आणि उपदेशाचा एकही शब्द नाही. कथागीत आवडणाऱ्याने या एका गाण्यासाठीही ‘व्हर्लविंड’ घ्यावा.

उणिवा दोन्हींत आहेत. ‘बेल बॉटम’च्या शेवटी फोर नॉन ब्लाँड्स या रॉक बँडचं जुनं ‘व्हॉट्स अप?’ येतं, उत्तम गायलंय, पण अल्बमच्या कथेत बसत नाही. ‘व्हर्लविंड’मधलं ‘कंट्रीज कूल अगेन’ घोषणेसारखं वाटतं. मंचावर ते रंगेल, घरी दोन-तीनदा ऐकलं की पुरे.

विकत घेताना हमखास होणारी चूक म्हणजे हवं ते गाणं त्या अल्बमवर नसणं. तिचं पहिलं मोठं यश ‘थिंग्ज अ मॅन ऑटा नो’ हे 2021 च्या ‘सेइन व्हॉट आयॅम थिंकिन’वर आहे. इतर गायकांसोबतच्या तिच्या द्वंद्वगीतांपैकी ‘वेट इन द ट्रक’ हार्डीच्या अल्बमवर आणि ‘सेव्ह मी’ जेली रोलच्या अल्बमवर सापडेल. ‘समव्हेअर ओव्हर लरेडो’ हवं असेल तर ‘व्हर्लविंड’ची 2025 ची वाढीव आवृत्ती घ्या, 2024 च्या मूळ आवृत्तीत ते नाही.