खरी लागर की लागरसारखी?

भाचा सप्टेंबरात शिकायला इंग्लंडला निघालाय. परवा रंकाळ्यावर भेळ खाता खाता म्हणाला, "मामा, तिकडं घरात बिअर करतात म्हणं. लागर करू का दुसरं काय?" लीड्सला सहा वर्षं होतो तेव्हा मी खरी लागर, म्हणजे गारव्यात आंबवून मुरवलेली बिअर, आणि सोप्या वाटेनं केलेली लागरसारखी, असे दोन्ही उद्योग केलेत, त्यामुळं माझ्याकडं मत आहे, मोजमाप नाही.

आधीच सांगतो, हे सगळं तिकडचं. आपल्याकडं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा राजारामपुरीतल्या माळ्यावर बादली चढवायचा विचार कुणी करू नये. इंग्लंडात घरच्यापुरती करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही.

माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), भांडी निर्जंतुक करणं, हे दोन्हीकडं सारखंच. फरक यीस्टचा, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या बुरशीचा, आणि थंडीचा. लागर यीस्टला १० ते १३ अंश हवेत आणि मग शून्याच्या आसपास महिना-दीड महिना मुरायला हवं. जर्मनमध्ये 'लागर' म्हणजे मुळात साठवणच. एल, म्हणजे उबेत आंबवायच्या बिअरचं यीस्ट साधारण १८-२० अंशांना रमतं, पण नॉटिंगहॅम नावाच्या यीस्टसारखं एखादं १४-१५ लाही मुकाट्यानं काम करतं आणि फळांचा वास फारसा येऊ देत नाही. पिल्सनर नावाचं फिकट माल्ट आणि साझ जातीच्या हॉप्सबरोबर ते वापरलं की लागरसारखी बिअर होते. लागरसारखी म्हणतोय, लागर नव्हे.

चवीचं म्हणाल तर जमलेली खरी लागर सरसच. तो कोरडा, स्वच्छ शेवट दुसऱ्या वाटेनं मला कधी पूर्ण साधला नाही. खर्च थोडा जास्त: २३ लिटरला थंडीत लागर यीस्टची दोन पाकिटं लागतात, नॉटिंगहॅमचं एक पुरतं. पण पैशानं माझा निर्णय झाला नाही. तो झाला बादली उचलण्यानं.

पहिल्या खेपेला बिअरला लोण्याचा वास आला. भाकरीवर लोणी झकास, ग्लासात नको वाटतं. यीस्ट काम करताना डायअसेटिल नावाचं रसायन सोडतं, त्याचा तो वास. बिअर तयार होत आली की दोन-तीन दिवस उबेत, १७-१८ अंशांवर ठेवायची, म्हणजे यीस्टच ते परत खाऊन टाकतं. पुस्तकात हे एका ओळीत असतं. माझा जुना फ्रिज मागच्या अंगणातल्या शेडमध्ये होता, कारण घरमालकीण तो आत घेऊ देईना. जानेवारीत फ्रिज बंद केला तरी शेडच गारठलेली, ऊब येणार कुठून? मग भरलेली बादली उचला, बर्फावरून घरात आणा, तीन दिवसांनी परत न्या. गंगावेश तालमीत चार दिवस घातले असते तर कदाचित सोपं गेलं असतं. प्रत्येक हेलपाट्यात तळाचा गाळ ढवळायचा, तो बसायला आणखी आठवडा. आणि बादली परत गार झाली की आतली हवा आकसते नि एअरलॉकमधलं, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या नळीतलं, पाणी सरळ बिअरमध्ये ओढलं जातं. दोनदा सकाळी बघतो तर एअरलॉक कोरडा! पुढं त्यात पाण्याऐवजी व्होडका घालायला लागलो, पण मन उडालं ते उडालंच. बादलीला गुंडाळायचा हीटिंग बेल्ट मिळतो, तो घेतला असता तर आज कदाचित वेगळं लिहिलं असतं.

तिसऱ्या हिवाळ्यात जिन्याखालच्या कपाटात नॉटिंगहॅम घालून बादली ठेवली. तिथं आपल्याकडच्या डिसेंबरातल्या पहाटेएवढा गारवा, तोही दिवसभर. दोन आठवडे हात लावला नाही. मग बाटल्या भरल्या, फेस धरायला दोन आठवडे स्वयंपाकघरात आणि पुढचे तीन आठवडे त्याच शेडमध्ये. रंग थोडा गढूळ होता, पण शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्यानं दुसरी बाटली मागून घेतली. तो इतरांच्या बिअरला नावं ठेवण्यात पटाईत होता, म्हणून ही गोष्ट मी अजून सांगतो.

स्वतःचं गॅरेज आहे, तापमान राखणारा फ्रिज आहे, वाट बघायचा स्वभाव आहे, त्यानं लागर यीस्टच घ्यावं, मी अडवणार नाही. भाच्याच्या घरात मात्र चौघांत एकच फ्रिज असणार, आणि त्यातला एक खण आईनं दिलेल्या कांदा-लसूण मसाल्यानं आधीच अडवलेला. त्याला म्हटलं, ऑक्टोबर सरू दे, घरातला सगळ्यात गार कोपरा शोध, आणि पाकीट घ्यायच्या आधी तिथं आठवडाभर थर्मामीटर ठेवून बघ.