आईचं मशीन वहिनीच्या डोक्याला चालेल का?

मे महिन्यात अमळनेरहून वहिनीचा फोन आला. भर उन्हात बाजारातून आली आणि अर्धशिशी उठली. आईचं गुडघ्याचं टेन्स मशीन, म्हणजे कातडीवरच्या पॅडमधून नसांना हलका करंट देणारं यंत्र, समोरच कपाटात होतं. "ताई, याचे पॅड कपाळाला लावू का?" मी लगेच नको म्हटलं. पण मग तिच्यासाठी काय घ्यायचं, हे नीट ठरवायला मला दोन महिने लागले. घरात असाच प्रश्न पडलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आपल्याकडे "नस दबली" म्हटलं की मान, कंबर, गुडघा सगळं त्यात येतं. त्यामुळे नसेला करंट देणारी यंत्रंही एकाच माळेचे मणी वाटतात. पण कुठल्या नसेला, किती करंट आणि कशासाठी, हे प्रत्येक यंत्रात वेगळं असतं.

आधी टेन्स. फिजिओथेरपिस्टकडे "करंटचा शेक" घेतला असेल तर हे ओळखीचं वाटेल. पॅड दुखऱ्या जागेच्या आजूबाजूला लावायचे आणि मुंग्या जाणवतील इतकाच करंट ठेवायचा. आई म्हणते, "मुंग्या चालतस असं वाटस." कोपर आपटलं की आपण ते चोळतो आणि दुखणं दबतं, तसंच हे. स्पर्शाची जाणीव मज्जारज्जूतच दुखण्याची वाट अडवते, असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडला. टेन्स त्यावरच उभं आहे. 2022 मध्ये 381 चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. यंत्र चालू असताना आणि बंद केल्यावर लगेच दुखणं कमी होतं, असं त्यात दिसलं. त्याच वर्षी कुठले उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने गुडघ्याच्या झिजेसाठी टेन्स देऊ नका, पुरेसा पुरावा नाही, असं सांगितलं. आमच्या घरात मला या दोन्ही गोष्टी दिसतात. अर्धा तास मशीन लावलं की आई उठून भाकरी टाकते, पण संध्याकाळी गुडघा पुन्हा तिथेच. झीज त्याने भरत नाही. मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम त्याहून महत्त्वाचा, आणि तोच ती टाळते.

टेन्सची खरी अडचण पॅडची. आई कापूस वेचून आली की हातापायाला कापसाचे तंतू चिकटलेले असतात. ते जेलवर बसतात, कड सुटते, आणि उरलेल्या इवल्याशा जागेतून सगळा करंट जातो. मग मुंग्यांऐवजी सुई टोचल्यासारखं होतं. माझं पहिलं मशीन ऑनलाइन घेतलेलं, स्वस्तातलं. त्याच्या पॅडखाली आईच्या कातडीवर रुपयाएवढा लाल डाग उठला. तेव्हा खोका उलटून पाहिला, तर त्यावर परवाना क्रमांकच नव्हता. अशा उपकरणांना आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2022 पासून परवाना सक्तीचा आहे. खोक्यावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा क्रमांक नसेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. आणि पॅड लावण्याआधी पाय साबणाने धुऊन कोरडे करा.

आता अर्धशिशी. टेन्स इथे बाद. डोक्यावर किंवा गळ्याच्या पुढच्या बाजूला ते लावायचंच नसतं. अर्धशिशीसाठी वेगळी यंत्रं आहेत. वहिनीपुढे दोन होती.

एक कपाळावरचं, सेफॅली. भुवयांच्या वर पट्टी चिकटते आणि कपाळाच्या नसांना करंट मिळतो. अमेरिकेत त्याला 2014 मध्ये मान्यता मिळाली, ती झटके कमी व्हावेत म्हणून रोज 20 मिनिटं वापरण्यासाठी. त्याआधी 67 जणांवर तीन महिन्यांची चाचणी झाली होती. तिच्यात महिन्यातले अर्धशिशीचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलेले लोक खऱ्या यंत्रावर 38 टक्के होते, खोट्यावर (तुलनेसाठी दिलेलं, दिसायला तसंच पण उपचाराइतका करंट न देणारं) 12 टक्के. फरक आहे, पण चाचणी लहान. कपाळावरच्या त्या झिणझिण्या काहींना सहनच होत नाहीत. शिवाय आपल्या उन्हाळ्यात कपाळावर घाम, आणि घामावर पट्टी टिकत नाही.

दुसरं दंडावरचं, नेरिव्हिओ. भारतात ते डॉ. रेड्डीज या औषध कंपनीने आणलं आहे. दुखतं डोकं आणि पट्टा दंडाला, हे वहिनीला पटेना. पण शरीराच्या एका भागाला जोरकस जाणीव दिली की मेंदू दुसरीकडचं दुखणं आवरतो, त्या यंत्रणेचा हा उपयोग आहे. झटका सुरू झाल्यापासून तासाच्या आत लावायचं, 45 मिनिटं ठेवायचं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 252 जणांच्या चाचणीत दोन तासांनी आराम पडलेले खऱ्या यंत्रावर 66.7 टक्के होते, खोट्यावर 38.8 टक्के. म्हणजे नुसत्या पट्ट्यानेही बऱ्याच जणांना बरं वाटलं होतं, हे लक्षात ठेवा. झटके येऊ नयेत म्हणून ते दिवसाआडही वापरता येतं. ते फोनवरच्या ॲपवर चालतं, आणि एक पट्टा ठराविक वेळाच वापरता येतो. म्हणून किंमत पाहताना ती वापरांच्या संख्येने भागा.

माझं मत दंडावरच्या पट्ट्याकडे आहे. बाहीखाली झाकतो, हात मोकळे राहतात. पण महिन्यातून एखादाच झटका येत असेल आणि साध्या गोळीने थांबत असेल, तर यंत्रावर पैसे घालू नका. ज्यांच्या गोळ्या वाढत चालल्या आहेत, त्यांच्यासाठी मात्र विचार करण्यासारखं आहे. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. वहिनी त्या आकड्याच्या फार जवळ होती.

पेसमेकर असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. फिट येत असतील किंवा दिवस गेले असतील तरी तेच. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या आबांच्या तळपायाला टेन्स लावणं तर सरळ धोक्याचं, कारण कातडी भाजली तरी कळत नाही. आणि डोकं अचानक, आयुष्यात कधी नव्हे असं दुखलं, बोबडी वळली किंवा हातातली ताकद गेली, तर पट्टा शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

हातांच्या कंपासाठी मनगटावरचं आणि लकव्यानंतर लोंबणारं पाऊल उचलायला पोटरीवरचं, अशीही यंत्रं आहेत. ती न्यूरोलॉजिस्ट किंवा फिजिओथेरपिस्टने बसवून दिल्याशिवाय घेऊ नयेत.

वहिनीने अजून काही घेतलेलं नाही. डॉक्टरांनी तिला आधी एक महिना नोंद ठेवायला सांगितली आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती डोकं दुखलेल्या दिवसाला लाल गोल करते, आणि गोळी घेतली तर त्यात टिंब. परवा तिने फोटो पाठवला. आतापर्यंत 11 गोल आहेत, त्यातल्या 9 गोलांत टिंब.