‘पिल्लांचं एक लिटर काढा, खर्च निघून जाईल’

आमच्या कुत्रीला, बर्फीला, घरी आणलं तेव्हा ती दीड महिन्याची होती. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि विकणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, असं केंद्राच्या 2017च्या नियमांत आहे. मला हे कळलं तेव्हा ती वर्षाची होऊन गेली होती.

विकणारा नागपुरातल्या हिंगणा रोडकडचा. नाव लिहीत नाही. “भाऊ, वीस हजारांची लॅब्राडोर आहे, तुम्ही बाराच द्या. मोठी झाली की एक लिटर काढू, त्यातली दोन पिल्लं माझी.” लिटर म्हणजे एका वेताची पिल्लं. वहीच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. आठ हजार वाचले या आनंदात आपण काय लिहून देतोय हे मी पाहिलंच नाही. कुत्री माझी, खाणं-लस-औषध माझं, गर्भाशय मात्र त्याचं.

आठव्या महिन्यात मनीषनगरच्या आमच्या जिन्यावर ती मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखी चढायला लागली. आईला भारी कौतुक. मी व्हिडिओ काढून नातेवाईकांना पाठवले. हिवाळ्यात मात्र सकाळी तिला उठायलाच वेळ लागू लागला, तेव्हा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. गुंगी देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय सरळ ताणून एक्स-रे काढला. हिप डिस्प्लेसिया, दोन्ही बाजूंना. खुब्याची वाटी उथळ, त्यातला गोळा अर्धा बाहेर.

मी विकणाऱ्याला फोन लावला. तो चिडला नाही, उलट मलाच धीर देऊ लागला. “काहून टेन्शन घेता भाऊ? तुमच्या घरच्या टाईल्स गुळगुळीत, त्यात वजन वाढवलं तुम्ही.” यात तथ्य आहेच. घसरत्या फरशीने आणि जास्तीच्या वजनाने हा त्रास वाढतो. पण मूळ रक्तातून येतं, ते त्याने गाळलं. “तिचे आई-बाप तर घोड्यासारखे धावतात.” धावत असतीलही. हा दोष एका जनुकाचा नाही, अनेकांचा मिळून होतो, त्यामुळे धडधाकट दिसणाऱ्या जोडीलाही अशी पिल्लं होतात. मग आलं तिसरं: “क्लीन नर लावला की पिल्लांना होत नाही.” हेही खरं आहे, पण दुसऱ्या आजाराबद्दल. लॅब्राडोरमध्ये डोळ्यांचा पीआरए म्हणून एक आजार असतो. त्याच्या एका प्रकारात दोष एकाच जनुकात असतो, म्हणून नुसत्या वाहक (दोष अंगात असून स्वतः आजारी नसलेल्या) मादीला टेस्ट केलेला निर्दोष नर दिला तर पिल्लं आंधळी होत नाहीत. त्या आजाराचा नियम त्याने खुब्याला चिकटवला. निव्वळ खोटं बोलला असता तर मी तिथेच सावध झालो असतो.

शेवटी म्हणाला, “आठ पिल्लं धरा. दोन माझी, सहा तुमची. उपचाराचा सगळा खर्च निघून जाईल.”

आणि खरं सांगतो, मी हिशेब मांडला. सहा गुणिले पंधरा, नव्वद हजार. रात्री बायकोला आकडा सांगितला. ती म्हणाली, “अन् ते सहा जण दारात आले की त्यांना त्यांच्या घरच्या टाईल्सचं सांगशील का?”

माझं मन डळमळलेलं पाहून त्याने नराचा एक्स-रे व्हॉट्सॲपवर पाठवला. ‘चार वर्षांचा आहे, एकदम क्लीन.’ डॉक्टरांना दाखवला. त्यावर नाव नाही, तारीख नाही, मायक्रोचिपचा नंबर नाही. शिवाय हाडाच्या टोकाशी वाढीची रेघ अजून उघडी दिसत होती. ती रेघ साधारण वर्षभरात बुजते. म्हणजे ते चार वर्षांचं कुत्रं नव्हतंच.

मग मी त्याच्याच पेजवरच्या ‘हॅप्पी कस्टमर’ लोकांना मेसेज केले. तिघांनी उत्तर दिलं. दोघांची कुत्री लंगडत होती, आणि त्यातल्या एकाच्या कुत्र्याचा बाप आमच्या बर्फीचाच. या गृहस्थांनी बर्फी जन्मायच्या आधीच त्याला फोन करून हे सांगितलेलं होतं. म्हणजे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने तोच नर पुन्हा लावला.

कुणी पिल्लू घ्यायला निघालं असेल तर एवढं बघा. केनेल क्लबच्या पेपरवर आई-बाप कोण ते कळतं, त्यांचे खुबे कसे आहेत ते नाही. मी पेपर पाहूनच निर्धास्त झालो होतो. आई-बापांचा मोठेपणीचा एक्स-रे मागा. अमेरिकेतली ओएफए ही संस्था खुब्याचा पक्का दाखला कुत्रं दोन वर्षांचं झाल्याशिवाय देत नाही. प्लेटवर तारीख आणि चिपचा नंबर हवा, आणि तो नंबर कुत्र्याच्या अंगावर स्कॅनर फिरवून जुळवून घ्या. पिल्लांच्या बदल्यात सवलत देणारा कागद पुढे आला तर सही न करता उठा. त्या कागदामुळे आजारी कुत्रीचीही पिल्लं काढणं ही तुमचीच गरज होऊन बसते.

बर्फीची नसबंदी केली. वजन चौतीसवरून सत्तावीस किलोवर आणलं, जिन्यावर जुने गालिचे टाकले. करार मोडला म्हणून तो अजून माझ्याकडे आठ हजार मागतो.

परवा त्याने ब्रॉडकास्टवर नव्या पिल्लांचे फोटो टाकले. ‘दोन्ही पॅरेंट हेल्दी, तीनच शिल्लक.’ मी एक्स-रेची तारीख आणि चिपचा नंबर विचारला. निळ्या टिका दिसल्या, आणि थोड्या वेळाने त्याचा डीपीही दिसेनासा झाला.