थर्मल कॅमेरा: बाकी सगळं उत्तम, पण बंद केल्यावर शटर उघडं का?

घेतल्यापासून हा उष्णता टिपणारा कॅमेरा मुख्यतः सोलर पॅनेल तपासायला वापरतोय. रिझोल्यूशन, बॅटरी वगैरे सगळीकडे लिहिलेलं आहे, त्यात शिरत नाही. खराब सेल, तापलेला डायोड, सैल कनेक्टर चटकन सापडतात. तरीही तीनच स्टार देतोय, आणि ते शटरमुळे, म्हणजे सेन्सर झाकणाऱ्या आतल्या झडपेमुळे.

ही तपासणी ढगाळ हवेत होत नाही. आयईसी ६२४४६-३ या अशा तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पॅनेलवर दर चौरस मीटरला किमान ६०० वॅट ऊन पडायला हवं, म्हणजे कॅमेराही उन्हातच. एके दिवशी तो ट्रायपॉडवर बंद होता. सूर्य सरकत लेन्ससमोरून गेला. पुन्हा चालू केला तर प्रत्येक चित्रात आडवी, किंचित वाकलेली पांढरी रेघ! कुठेही वळवा, रेघ तिथेच.

जर्मेनियमची लेन्स डोळ्यांना अपारदर्शक दिसते, त्यामुळे आत काही जात नसेल असं वाटतं. पण ८ ते १४ मायक्रॉनची, म्हणजे उष्णतेची (इन्फ्रारेड) किरणं ती थेट सेन्सरवर एकवटते. सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे चिपपासून अधांतरी धरलेला पातळ पापुद्रा, आणि त्यावर व्हॅनेडियम ऑक्साइड. पापुद्रा तापला की त्याचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून तापमान कळतं. सूर्यबिंब त्यावर पडलं की हा रोधच बिघडतो. त्याला वीज चालू की बंद याच्याशी काही देणंघेणं नाही.

मग कॅमेरा चालू असताना कॅलिब्रेशनसाठी (आकडे जुळवून घ्यायला) टक् आवाज करत सेन्सरसमोर येणारं शटर, कॅमेरा बंद करतानाही पुढे येऊन थांबायला काय हरकत आहे? सर्व्हिस सेंटरला हेच विचारलं. उत्तर एकच: 'सूर्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.' मॅन्युअलमध्ये सूर्याकडे रोखू नका एवढंच आहे. बंद कॅमेऱ्याबद्दल एक शब्द नाही. फोनवर खूप वाद घातला, व्यर्थ.

तेव्हा एकच स्टार दिला होता. नंतर काही आठवड्यांत रेघ हळूहळू पुसट होत गेली. व्हॅनेडियम ऑक्साइडच्या सेन्सरवरचे हलके डाग असे भरून येतात, तीव्र असतील तर कायम राहतात. आता सपाट, एकसारख्या तापमानाच्या भिंतीवरच ती जाणवते. म्हणून दोन स्टार वाढवले.

उन्हात बॉडी तापली की आकडेही सरकतात, सावलीत थोडा वेळ ठेवून मगच मोजावं. पॅनेलच्या काचेवर तापलेला डाग दिसला तर दोन पावलं बाजूला व्हा. डाग तुमच्याबरोबर सरकला तर ते सूर्याचं प्रतिबिंब, पॅनेलचा दोष नव्हे. तशा कोनात कॅमेरा धरूनही ठेवू नका.

घेणार असाल तर बंद केल्यावर शटर कुठे थांबतं हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. जर्मेनियममधून डोकावून ते दिसत नाही. मी हा प्रश्न कंपनीला मेलने विचारलाय, अजून उत्तर नाही.